आधी लेबर रूमची रजिस्टरं, मग बाकी सगळं

प्रश्न थोडक्यात असा: "तालुक्याच्या गावी आमच्या ट्रस्टचं स्त्री-रुग्णालय आहे, स्वातंत्र्याच्या आधीपासूनचं. जुनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलंय. तळमजल्याच्या दोन खोल्या जुन्या कागदांनी भरल्यात. रजिस्टरं, केसपेपर, हिशेबाच्या वह्या, फोटो, एक्स-रे, आणि मोडीतली काही बाडं. विश्वस्त म्हणतात, चांगले फोटो आणि पाहुण्यांचे अभिप्राय स्मरणिकेसाठी काढून घ्या, उरलेलं स्कॅन करा आणि रद्दीत द्या. मी इथे तीस वर्षं सिस्टर होते. मला हे पटत नाही, पण नेमकं काय सांगावं तेही कळत नाही."

सिस्टर, विश्वस्तांना आज एवढंच सांगा की रद्दीवाल्याला फोन करू नका. बाकीचं सावकाश पटवता येईल. मी अठ्ठावीस वर्षं अभिलेखागारात काढली, त्यातली बरीचशी दवाखान्यांच्या कागदांत. वाळवीने जेवढे कागद खाल्ले नसतील तेवढे शताब्दीच्या उत्साहात गेलेले मी पाहिलेत. स्मरणिका काढायची ठरली की कुणीतरी हौसेने अल्बम उघडतं आणि फोटो उचकटून काढतं. मागे लिहिलेली नावं आणि तारीख अल्बमच्या काळ्या पानालाच चिकटून राहतात. मग स्मरणिकेत खाली छापलं जातं, 'संस्थेचे हितचिंतक'.

तुमच्या विश्वस्तांनी लावलेला क्रम नेमका उलटा आहे. कोनशिलेचा फोटो हवाच, पण तो हरवला तरी एखादी प्रत देणगीदाराच्या घरी किंवा जुन्या वर्तमानपत्रात सापडू शकते. लेबर रूमच्या रजिस्टराला दुसरी प्रत नसते. रात्री अडीच वाजता ड्यूटीवरच्या सिस्टरने एका हाताने ते लिहिलेलं असतं, आणि ते गेलं की त्या रात्री कोण आली, कुठल्या गावाहून, बाळ किती पौंडांचं, आई वाचली की नाही, सगळं गेलं.

याची किंमत विश्वस्तांना पैशांतच समजावायची असेल तर म्हैसूरचं उदाहरण द्या. तिथे होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटल आहे, 1906 मध्ये मिशनऱ्यांनी बायका-मुलांसाठी काढलेलं. 1934 पासून तिथल्या सिस्टर प्रत्येक बाळाचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर लिहून ठेवत. आपण संशोधनासाठी लिहितोय असं त्यांच्या मनातही नसणार. मेट्रनने सांगितलं, रकाना होता, भरला. ती रजिस्टरं कुणी फेकली नाहीत. 1990 च्या दशकात संशोधकांनी त्यातली नावं घेऊन आसपासच्या वस्त्यांत घरोघर जाऊन माणसं शोधली. 1934 ते 1954 दरम्यान तिथे जन्मलेली 517 माणसं तपासली गेली. जन्मताना साडेपाच पौंड किंवा त्याहून कमी भरलेल्यांत हृदयविकाराचं प्रमाण सुमारे 11 टक्के निघालं, सात पौंड किंवा जास्त भरलेल्यांत 3 टक्के. हे 1996 मध्ये छापून आलं. आईच्या पोटातलं पोषण आणि पन्नाशीतलं हृदय यांचा संबंध भारतात दाखवायला वापरलेलं साधन म्हणजे प्रसूतिगृहातली जुनी वही, दुसरं काही नाही.

त्याआधी इंग्लंडात हर्टफर्डशायर परगण्यातल्या सुईणी आणि आरोग्यसेविकांनी 1911 पासून भरलेल्या खातेवह्यांवरून डॉ. डेव्हिड बार्कर यांनी हेच दाखवलं होतं, 1989 मध्ये. आपल्याकडे पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला, म्हणजे नोंदी नव्याने तयार केल्या आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली. तुमच्या तळमजल्यावर ती वाट कुणीतरी आधीच पाहून ठेवली आहे. सत्तर-ऐंशी वर्षांची. ती तुम्ही किलोच्या भावाने विकायला निघालात.

आता तुमचं खरं काम. ते माझ्यासारख्या अभिलेखवाल्याला जमणार नाही, तुम्हालाच जमेल. जुन्या रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात 'एफएसबी', 'एमएसबी', 'बीओएच' अशी अक्षरं दिसतील. तुम्हाला ती वाचता येतात: ताजं मृत जन्मलेलं बाळ, पोटातच आधी जाऊन गळलेलं बाळ, आधीची बाळंतपणं बिघडलेली आई. पंचवीस वर्षांनी ती वाचणारं कुणी उरणार नाही. प्रत्येक रुग्णालयाची स्वतःची काही अक्षरं असतात, एखाद्या मेट्रनने पाडलेली, जी कुठल्याच पुस्तकात मिळत नाहीत. एका ठिकाणी लाल शाईतला फुलीसारखा दिसणारा छोटा ठिपका मी दोन दिवस 'मृत्यू' म्हणून मोजत होते. शेवटी निवृत्त झालेल्या एका आयाबाईंनी हसत सांगितलं की तो 'पैसे बाकी' चा आहे. तेव्हा एक साधी वही घ्या, तुमच्या बरोबरीच्या दोघीतिघींना बोलवा, रजिस्टरं समोर ठेवून प्रत्येक खुणेचा अर्थ लिहून काढा. बोलणं मोबाइलवर रेकॉर्डही करा. स्कॅनिंगच्या आधी हे करा. माणसं कागदापेक्षा लवकर जातात.

वजनं पौंड-औंसांत आहेत की किलोत, बदल कुठल्या पानापासून झाला, तेही त्याच वहीत टिपून ठेवा. तारखांचंही तसंच, कुठे इंग्रजी महिना, कुठे शके आणि तिथी. मोडीतली बाडं वाचायची घाई करू नका. मोडी जाणणारे लोक महाराष्ट्रात आहेत, पुराभिलेख संचालनालयाकडून चौकशी करता येते. बहुधा ती बाडं हिशेबाची निघतील.

आणि हिशेब कमी लेखू नका. स्त्री-रुग्णालयाचा इतिहास लिहायला बसलं की डॉक्टरबाई सापडतात, देणगीदार शेटजी सापडतात, बाकीच्या बायका सापडत नाहीत. लेबर रूमच्या रजिस्टरातसुद्धा पेशंटचं नाव कित्येक वर्षं नवऱ्याच्या नावाने लिहिलेलं असतं, अमक्याची बायको, गाव तमुक. एकच बाई पाच वेळा बाळंत होऊन गेली का हे शोधायचं तर नवरा, गाव आणि जात हे तीन रकाने जुळवत बसावं लागतं. पण मस्टर बघा. पगाराच्या मस्टरमध्ये आयाबाईंचं, दाईचं, सफाईवालीचं स्वतःचं नाव असतं आणि पुढे डाव्या अंगठ्याचा ठसा. तिच्या हयातीत तिच्या नावाने उमटलेली सरकारदरबाराबाहेरची ती बहुधा एकमेव निशाणी. मस्टर 'हिशेबाचे कागद' म्हणून सगळ्यात आधी रद्दीत जातं. ते सगळ्यात आधी बाजूला काढा, म्हणजे रजिस्टरांच्या लगेच मागोमाग.

रखमाबाईंचं उदाहरण मी नेहमी देते. नवऱ्याकडे नांदायला नकार दिला म्हणून 1884 पासून चाललेला त्यांचा खटला सगळ्यांना ठाऊक असतो, कारण कोर्टं आपले कागद जपतात आणि वर्तमानपत्रं आपले अंक. पण 1894 मध्ये लंडनहून डॉक्टर होऊन आल्यावर मुंबईच्या कामा हॉस्पिटलात थोडा काळ, मग सुरत, मग राजकोट, असं तीन दशकांहून जास्त त्यांनी बायकांवर उपचार केले. त्या कामाचा साक्षीदार खटल्याच्या बाडात मिळत नाही. तो रुग्णालयाच्या वार्षिक अहवालांत, भरतीच्या आकड्यांत, औषधांच्या स्टॉक बुकात असतो. तुमच्या खोलीतही अशी कुणीतरी डॉक्टरबाई असेल, जिची तसबीर दिवाणखान्यात लागली नाही.

पहिल्या दिवशी खोलीत गेलात की काही हलवू नका. दारातून, मग प्रत्येक कपाटाचे, प्रत्येक फळीचे फोटो काढा. कागद ज्या क्रमाने ठेवलेत तो क्रम हीसुद्धा माहिती असते. 1943 च्या रजिस्टराशेजारी कुणी पत्रांचा गठ्ठा ठेवलाय तर त्याला काहीतरी कारण असतं. मग कपाटाला अक्षर, फळीला आकडा आणि प्रत्येक वस्तूला अनुक्रम द्या, हे सगळं पेन्सिलने. बॉलपेन खोलीत आणूच नका. एका वहीत यादी करा: काय आहे, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, अवस्था कशी. उत्साही तरुण स्वयंसेवक 'विषयवार' लावायला बघतील. त्यांना चहा द्या आणि थांबवा.

हात कोरडे आणि स्वच्छ असले की पुरे. सिनेमात दाखवतात ते पांढरे सुती हातमोजे कागदाला अपायकारक, कारण बोटांना स्पर्श कळत नाही आणि पान फाटतं. मात्र बुरशी दिसली तर मास्क आणि रबरी हातमोजे घाला. तुम्हाला हे मी काय सांगावं. आणखी एक सावधगिरी: जुन्या काळी कागदांवर डीडीटी किंवा गॅमेक्सिन या कीटकनाशकांची पूड सर्रास मारत. पानांत पांढरट भुकटी सापडली तर फुंकर मारू नका, मऊ ब्रशने दाराबाहेर झटका, हात धुतल्याशिवाय खाऊ नका.

बांधायला मांजरपाट, म्हणजे साधं बिनरंगाचं सुती कापड. लाल खारव्याचे रुमाल दिसायला दफ्तरासारखे दिसतात म्हणून लोकांना हवे असतात, पण ते भिजले की रंग सुटतो आणि 1940 चं पान गुलाबी होतं. मांजरपाट दोनदा धुऊन खळ काढून टाका, कारण कागद खाणाऱ्या कसरीला खळच आवडते. रबरबँड काढा; यू-पिना आणि स्टेपलही, त्या गंजतात. सेलोटेप आणि लॅमिनेशन, दोन्हीला सक्त नकार. फाटलेलं पान आत्ता चिकटवू नका, कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत, वेखंडाची पुरचुंडी चालेल, पण तिच्यावर विसंबून राहू नका. लोखंडी रॅक भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर दूर ठेवलात तर वेखंडापेक्षा जास्त उपयोग होतो. इमारतीचे निळे नकाशे सापडले तर ते वेगळे गुंडाळा. साधारणपणे कागदाला हितकारक म्हणून मिळणारी अल्कधर्मी वेष्टनं ब्लूप्रिंटला मानवत नाहीत, निळा रंग उडतो. जुन्या एक्स-रे फिल्मना व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर त्या त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत. तो वास म्हणजे फिल्म विघटित होतेय, आणि शेजारच्या चांगल्या फिल्मनाही ते लागतं. एक्स-रेतली चांदी काढणारे लोक फिरत असतात, ते 'घर साफ करून देतो' म्हणतील.

आता स्कॅनिंगविषयी, कारण विश्वस्तांचा भर त्याच्यावर दिसतो. एका रुग्णालयात, नाव सांगत नाही, मी पोचायच्या सहा वर्षं आधी काम झालं होतं. ठेकेदाराने रजिस्टरांचा कणा कटिंग मशीनवर उडवला, सुट्टी पानं कागद ओढणाऱ्या मशीनमधून काढली, रंग काढून काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केली आणि चाळीस सीडी दिल्या. मूळ कागद त्याच आठवड्यात रद्दीत. मी गेले तेव्हा चाळीसपैकी अकरा सीडी उघडत होत्या. उघडलेल्या पानांत लाल शाईच्या नोंदी आणि निळ्या शाईच्या नोंदी वेगळ्या ओळखू येत नव्हत्या, आणि लालचा अर्थ तिथे 'गुंतागुंतीची प्रसूती' असा होता. बाइंडिंगच्या आतल्या कडेला असलेला रकाना कटिंगमध्ये गेला होता. तो आईच्या वयाचा.

म्हणून स्कॅनिंग करा, पण मूळ कागद ठेवण्यासाठी, टाकण्यासाठी नव्हे. म्हणजे लोकांनी वारंवार मूळ पान हाताळू नये एवढ्यासाठी. करारात लिहून घ्या: बाइंडिंग तोडायचं नाही, वरून कॅमेऱ्याने घ्यायचं, रंगीत, किमान 300 डीपीआय, मूळ फाइल टिफ या दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात आणि रोजच्या वापराला पीडीएफ, प्रत्येक फाइलचं नाव तुमच्या यादीतल्या अनुक्रमावरून. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या इमारतींत, आणि दरवर्षी एकदा उघडून पाहण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर. पैसे कमी असतील तर केसपेपर सोडा आणि फक्त रजिस्टरं करा. पान ओलं झालं की जांभळं पसरणाऱ्या जुन्या पेन्सिलीने लिहिलेली रजिस्टरं आधी, ती ओलाव्याला एका तासात जातात.

केसपेपर सगळे ठेवणं कुणालाच जमत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांत आंतररुग्णांचे कागद 3 वर्षं ठेवायला सांगितलंय. पुष्कळ व्यवस्थापक त्याचा अर्थ 'तीन वर्षांनी जाळा' असा घेतात. ती किमान मर्यादा आहे, आदेश नव्हे. माझा सल्ला: 1950 पर्यंतचे असतील तेवढे सगळे ठेवा, ते थोडेच असतात. पुढे दर दहा वर्षांतलं एक पूर्ण वर्ष अख्खं ठेवा, चांगले-वाईट न निवडता. 'महत्त्वाच्या केसेस' तेवढ्या निवडून ठेवल्या की पुढच्या वाचकाला वाटतं तुमच्याकडे सगळ्याच बायकांना गुंतागुंत व्हायची. साध्या, निर्विघ्न बाळंतपणांचा गठ्ठाही हवा. रुग्णालय सरकारी असतं तर गोष्ट वेगळी होती, तिथे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 लागू होतो आणि कायम जपायच्या 'अ' वर्गाला हात लावता येत नाही. ट्रस्टला तो धाक नाही, म्हणूनच तुमची गरज.

गर्भपाताचं भरती-रजिस्टर हा वेगळा विषय. 1971 च्या कायद्याखालच्या नियमांनुसार ते गुप्त दस्तऐवज आहे आणि 5 वर्षं सांभाळायचं असतं. ते या खोलीत, या यादीत, या स्वयंसेवकांच्या हातात येता कामा नये. रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरांच्या कुलपात राहू द्या, आणि पुढे काय ते वकिलाला विचारून.

पण गुप्तता तेवढ्यावर संपत नाही. तुम्ही मला न विचारलेला, तरी मला सगळ्यात जास्त सतावणारा भाग हाच. 1863 मध्ये फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते ज्या बायकांसाठी, तशा बायका पुढे स्त्री-रुग्णालयांतही आल्या. नवऱ्याच्या रकान्यात रेघ, पत्त्याच्या रकान्यात दुसऱ्याच गावाचं नाव, शेऱ्यात 'बाळ दिले'. ती आई आज नसेल, पण ते बाळ साठीतलं असेल, तुमच्याच तालुक्यात. रक्ततपासणीचे निकाल, 1975-77 च्या आणीबाणीतल्या नसबंदी शस्त्रक्रियांच्या याद्या, हेही तसंच. ब्रिटनमधली अभिलेखागारं रुग्णांच्या वैयक्तिक नोंदी साधारण 100 वर्षं बंद ठेवतात. आपणही तेच धरा. संशोधकाला नावं झाकून आकडे द्या, लेखी हमी घेऊन. स्मरणिकेत रजिस्टराच्या पानाचा फोटो छापायचा मोह होईल. छापायचाच तर 1926 च्या आधीचा, आणि तोही नावाचा रकाना झाकून.

लोक मात्र येतील, आणि त्यांचा हक्कही असतो. पासपोर्टसाठी जन्माचा पुरावा हवा असलेले सत्तरीतले आजोबा येतील. जातपडताळणीसाठी जुनी नोंद शोधणारेही येतील. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून जुन्या कागदांतल्या जातीच्या रकान्याला एकदम भाव आलाय. अशा वेळी रजिस्टर टेबलावर उघडं ठेवून 'बघा तुमचं तुम्ही' म्हणू नका. मी एका ठिकाणी खाडाखोड केलेली नोंद पाहिलीय, आणि दुसऱ्या ठिकाणी अख्खं पान ब्लेडने कापलेलं. अर्ज घ्या, शोध तुमच्या माणसाने घ्यावा, त्या एकाच ओळीचा साक्षांकित उतारा द्यावा. पानांवर आत्ताच पेन्सिलने क्रमांक टाकून ठेवा, म्हणजे पान गेलं तर कळेल तरी.

शेवटचं काम विश्वस्तांचं. आनंदीबाई जोशींनी 1883 मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला केलेला प्रवेशाचा अर्ज आजही तिथे वाचायला मिळतो. त्या महाविद्यालयाचं काय झालं बघा. 1970 मध्ये पुरुषांना प्रवेश देऊन नाव बदललं, पुढे दुसऱ्या महाविद्यालयात विलीन झालं, 1998 मध्ये मालक संस्थेचं दिवाळं वाजलं, आणि शेवटी ते ड्रेक्सेल विद्यापीठात गेलं. पत्र राहिलं, कारण 1970 च्या दशकातच कागदांसाठी वेगळा, नावानिशी विभाग काढलेला होता, आणि मालक बदलले तरी तो विभाग यादीसकट पुढच्याच्या हाती गेला. तेव्हा सभेत ठराव करून घ्या आणि इतिवृत्तात येऊ द्या: हे कागद ही ट्रस्टची मालमत्ता आहे, यादीतलं काही परस्पर नष्ट करायचं नाही, आणि रुग्णालय बंद पडलं, विकलं किंवा दुसऱ्याच्या ताब्यात गेलं तर ते अमुक अभिलेखागाराला किंवा विद्यापीठाला जातील. त्या संस्थेला आधी विचारा. रुग्णांच्या नोंदी किती वर्षं बंद ठेवायच्या ते करारपत्रात लिहा. ठरावाची एक प्रत तुमच्या घरी ठेवा.

इमारत दिवाळीनंतर पडेल, पण पाऊस जूनमध्ये येतोय. तळमजल्याच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकून जी कपाटं असतील ती या महिन्यातच वरच्या मजल्यावर न्या. जिन्यावरून नेताना गठ्ठे सोडू नका, फळीचा आकडा त्याच्यासोबत जाऊ द्या. आणि वर छत गळत नाही ना, हे एकदा स्वतः बघून या.